तिसरं हेड

"भानू, म्होरं उभा ऱ्हा. आन दार आडवू नगंस, उजेड येऊ दे की जरा," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पितळी हातोडी लेंग्याला पुसली.

आढ्याच्या साखळीला पहिलं हेड लटकत होतं. बाकीची चार खाली गोणपाटावर ओळीनं मांडलेली. हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवर बसणारं बिडाचं, ओतीव लोखंडाचं, जड झाकण. त्यातच व्हॉल्व्ह असतात आणि आतल्या पोकळीतून गार पाणी खेळतं. बिडाला तडा गेलेला असला तर बऱ्याचदा तो डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिन तापलं की उघडतो, पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि कारभार आटोपतो. म्हणून अण्णा प्रत्येक हेड टांगून वाजवत. चांगलं हेड खणखणीत वाजतं आणि तडकलेलं फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण ते कुणालाही जमत नसे, आणि पार साताऱ्यापासून लोक जुनी हेडं पोत्यात घालून मेढ्याला आमच्या कारखान्यात यायचे ते अण्णांच्या कानासाठी.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, हिंदुराव कळंबे. माझ्यात आणि त्यांच्यात इतकं अंतर की अनोळखी माणूस आम्हाला बाप-लेक समजायचा. वडील गेल्यावर त्यांनीच मला लेथवर उभं केलं. लोखंड कातायचा लेथ माझा, आणि हेड वाजवताना साखळी धरायची तेही माझंच काम. कारखाना म्हणायचा आपला. चार पत्रे आणि एक दार. आज त्याच जागेत मी विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. त्या वाजवून बघाव्या लागत नाहीत, हे एक बरं आहे.

त्या दिवशी समोर रिकाम्या पिंपावर कोंडिबा उतेकर बसले होते. कोयनेच्या धरणानं खालचे रस्ते बुडवले तेव्हापासून पाण्यापलीकडच्या वाड्यांना यायला-जायला होडी नाहीतर लाँच, दुसरा मार्ग नाही. ती लाँच उतेकरांची. बाजारहाट, बाळंतिणी, शाळेचे मास्तर, बोकड, सगळं तिच्यावरून. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन पार थकलं होतं आणि उतेकरांना ते नव्यानं बांधून हवं होतं. पण माणूस सावध. त्यांनी अण्णांना सांगितलं होतं, "आदी माज्या लहान होडीचं दोन शिलिंडरचं बांधून द्या. ते पाण्यावर नीट चाललं, की लाँचचं तुमचंच."

अण्णांच्या दृष्टीनं ही केवढी गोष्ट होती हे मलाच ठाऊक. विहिरीवरची इंजिनं गेली, तिथं मोटारी बसल्या. पिठाच्या गिरण्यांची गेली. आमच्याकडे महिन्याकाठी एखादं इंजिन यायचं, तेही मोडीत काढायचं की ठेवायचं हे विचारायला. इंजिन बांधणारा माणूस म्हणून अण्णांचं जे काही उरलं होतं ते सगळं त्या लाँचवर येऊन ठेपलं होतं. रात्री जेवताना ते वहिनींना म्हणाले होते, "आयुष्यभर गिरणीची इंजनं केली. येक मोटं बांदायचं ऱ्हायलंय. त्यात बसून माणसं जात्याल-येत्याल." वहिनींनी नुसती भाकरी वाढली होती.

होडीच्या इंजिनाला दोन हेडं हवी होती. त्या जातीची नवीन मिळणं कधीच बंद झालं होतं, म्हणून जुन्या बाजारातून पाच उचलून आणली होती. त्यांतली दोन निवडायची, बाकीची भंगारात.

अण्णांनी हातोडी उचलली तेवढ्यात उतेकर उठले.

"थांबा. भानू, हो बाजूला. साकळी मी धरतो."

"भानूला सवय हाय तिची," अण्णा म्हणाले.

"आसूं दे की सवय. माज्या इंजनाचं हेड, मलाबी ऐकूं दे. तुमच्या कानाचं येवडं नाव ऐकलंय, जवळनं बगतो तरी." उतेकर हसत हसत आलेच आणि त्यांनी माझ्या हातातली साखळी घेतली.

अण्णा क्षणभर घुटमळले. पण गिऱ्हाईक, त्यातून वयानं मोठं, त्यातून लाँचवालं. नाही कसं म्हणणार? मी अण्णांच्या पाठीमागं लेथला टेकून उभा राहिलो.

पहिलं हेड वाजलं. ठीक होतं. दुसरं मधेच कुठंतरी अडखळल्यासारखं वाजलं. तिसरं वाजलं आणि मी लेथवरून सरळ झालो. बद्द. साफ बद्द. शेजारच्या चहावाल्यालाही कळलं असतं. पण उतेकर आपले प्रत्येक ठोक्याला "वा!" म्हणत मान डोलावत होते. तिसऱ्याला तर भजनाला बसल्यासारखा त्यांचा चेहरा प्रसन्न. त्यांना बिडातलं काय कळणार? अण्णा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. पुन्हा ठोका. पुन्हा बद्द. उतेकर पुन्हा "वा!"

पाचही झाली. अण्णांनी बोट दाखवलं. "तिसरं आन पाचवं. ही दोन घेयाची."

"अण्णा," मी मागून म्हणालो, "तिसरं परत येकदा वाजवून बगा."

अण्णांनी मान वळवली नाही.

"अण्णा, तिसरं."

ते उतेकरांशी बोलत राहिले. मला वाटलं, गिऱ्हाइकासमोर मी तोंड उघडलं म्हणून ऐकून न ऐकल्यासारखं करताहेत. माझे कान तापले आणि मी परत लेथला टेकलो.

उतेकर एसटीला गेल्यावर मात्र मी अण्णांच्या समोर जाऊन उभा राहिलो. "तिसरं बद्द वाजलं, अण्णा."

"काय म्हनलास?"

"बद्द वाजलं. दोन येळा. मला बरूबर ऐकूं आलं."

अण्णांचा चेहरा मी विसरलेलो नाही. आधी त्यावर काहीतरी पांढरं उतरलं, मग तो लाल झाला. "म्हंजे माजा कान बिगाडला आन तुजा सुदारला? कवापास्नं?"

"तसं न्हाई. रॉकेल आन खडू तरी लावून बगू."

ही साधी परीक्षा कुणीही करतं. हेडाला रॉकेल चोळायचं, पुसून कोरडं करायचं आणि वर खडू फासायचा. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवतं. गल्लीतला पोरसवदा मेस्त्रीही तेवढं करतो, आणि म्हणूनच अण्णांच्या कारखान्यात ते कधी झालं नव्हतं. खडू लावणाऱ्यांना अण्णा 'मास्तर' म्हणून चिडवायचे.

"ह्या पत्र्याखाली खडू यायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "मी मेल्यावर आन पायजे तितका."

मी बाहेर निघून गेलो. सकाळी येऊन बघतो तर अण्णांनी दोन्ही हेडं स्वतःच्या हातानं चढवून नट आवळून ठेवले होते. एरवी ते काम माझं. गास्केट नवीन, नटांवर ग्रीस, सगळं लख्ख पुसलेलं. अण्णा रात्रभर झोपले नव्हते हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. मला वाटलं, एवढी खात्री असल्याशिवाय माणूस असं करील का? माझंच ऐकण्यात चुकलं असेल. अण्णांच्या कानावर अविश्वास दाखवायचा म्हणजे आमच्या घरात देवावर दाखवण्यासारखं होतं.

इंजिन होडीत बसलं. उतेकरांनी नारळ फोडला आणि आम्ही तिघेच पाण्यावर निघालो. उतेकर मागं सुकाणूपाशी, मी मधे इंजिनाजवळ. अण्णा आधी माझ्या शेजारीच बसले होते, ब्लॉकवर तळहात टेकून, डोळे मिटून. इंजिन छान धरून चाललं होतं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि लहान पोरासारखे उठून होडीच्या टोकाशी जाऊन बसले, तोंड पाण्याकडे करून. त्यांना इतकं खुशीत मी त्यांच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. त्या वेळेला मी माझी शंका मनातल्या मनात गिळली आणि स्वतःला दोन शिव्या दिल्या.

धरणाच्या फुगवट्याच्या मध्यावर वारा होता. लाटांनी होडी वरखाली होऊ लागली. अण्णा इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडत होते, "उतेकर, लाँचचं बांदताना मी शाफ्टबी बदलनार! उगं जुनं ठेवायचं न्हाई!"

"बदला की!" उतेकर ओरडले.

आणि मला फसफस ऐकू आली. बारीक, तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी. धूर पांढरा झाला. एक सिलिंडर सुटला, मग दुसरा धापा टाकू लागला. मी डिझेल बंद करायला हात घातला, पण त्याची गरजच उरली नाही. इंजिन एकदा जोरात हिसकलं आणि मेलं.

पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं की कशी शांतता होते ते तिथं बसलेल्यालाच कळतं. पाण्याची लपलप तेवढी ऐकू येत होती. लांबच्या काठावर कुणी गुरं हाकत होतं, तेही ऐकू येत होतं.

"आन वरनं छप्पर लावून घ्या!" अण्णा ओरडले. "माणसं उनात बसत्यात! सा शिलिंडर असं चालंल, असं चालंल, की पलीकडच्या काटावर लोक म्हनतील, आली हिंदुरावची लाँच!"

ते तसेच पाठमोरे बसले होते. त्या शांततेत त्यांचा आवाज डोंगरावर जाऊन परत आला. उतेकरांनी माझ्याकडे बघितलं. मी उतेकरांकडे बघितलं.

"आली हिंदुरावची लाँच! काय उतेकर?"

उत्तर आलं नाही म्हणून अण्णांनी मान वळवली. त्यांनी आधी माझं तोंड पाहिलं. मग इंजिन. मग उतेकरांचं तोंड. मग हळूच खाली बघून त्यांनी फळीवर हात ठेवला आणि तिथंच ठेवून बसले. पाच मिनिटांपूर्वीचा तो माणूस आणि हा माणूस यांत मला काही साम्य दिसेना. मी वल्हं उचललं आणि डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून जीव तोडून मारत सुटलो.

काठावर मी हेड उतरवलं. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध तडा, नख जाईल एवढा रुंद झालेला. तिसरं हेड. अण्णांनी त्यावरून बोट फिरवलं आणि बाजूला होऊन एका दगडावर बसले. उतेकर होडी बांधायच्या निमित्तानं लांब गेले. भला माणूस.

मी अण्णांच्या समोर उकिडवा बसलो. "कवापास्नं?"

"लई दिस झालं." ते माझ्या ओठांकडे बघत होते. आता मला ते दिसत होतं. "आदी बारीक आवाज गेलं. मग बाकीचं. इंजनाला सायलेंसर न लावता उभा ऱ्हायलो उभा जलम, दुसरं काय व्हनार?"

"मग हेडं? इतक्या लोकांची हेडं तुमी..."

"तुज्या तोंडाकडं बगून."

मला आधी कळलंच नाही.

"हेड बद्द वाजलं, की तुजा वरला व्हट हलतो. असा." अण्णांनी स्वतःचा ओठ बोटानं जरासा ओढून दाखवला. "तुला ठावं न्हाई ते. लहानपनापास्नं हलतो. आय दूद नासलेलं द्यायची तवाबी हलायचा. खनखनीत वाजलं, की तुजं डोळं लहान व्हत्यात. निम्मं निम्मं आसलं, तर तू खाली बगतोस. मी हातोडी मारायचो आन तुज्याकडं बगायचो. कवाच चुकलं न्हाई, भानू. येकबी हेड चुकलं न्हाई."

म्हणूनच समोर उभा ऱ्हा. म्हणूनच दार अडवू नकोस. माझ्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. मला राग यायला हवा होता आणि आलाही, फसवला गेल्याचा. पण तो टिकेना. कारखान्यात इंजिनाच्या धडधडीत सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, हातवारे करतात. बहिऱ्या माणसाला लपायला त्याहून चांगली जागा नाही. त्यात ते वर्षानुवर्षं लपून राहिले होते आणि मी रोज त्यांच्यासमोर उभा होतो.

घरी आल्यावर मी वहिनींना विचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत. "मी त्येंना हाक मारायची कवाच सोडलीया, भावजी. म्होरं जाऊन उभी ऱ्हाते." भाकरी उलटून म्हणाल्या, "त्येनी मला सांगितलं न्हाई, मी त्येंना सांगितलं न्हाई. चाललं हुतं."

अण्णा कारखान्यात यायचे बंद झाले. अंगणात भिंतीला पाठ लावून बसायचे. पाठीमागून कुणी येऊ नये म्हणून भिंत, हे मला तेव्हा उमगलं. जेवण निम्म्यावर आलं. मी समोर जाऊन काही बोललो तर हो किंवा नाही. एकदा ते म्हणाले, "डाक्टरकडं न्हेऊ नगं. यंत्र घातलं तरी बिडाचा आवाज त्यात येत न्हाई. म्या इचारलंय." म्हणजे ते एकटेच कधीतरी साताऱ्याला गेले होते, आणि तसेच परत आले होते.

मी त्यांना धीर द्यायला बघायचो आणि मलाच धीर नव्हता. आणखी एक गोष्ट सुरू झाली होती, ती मी कुणाला सांगितली नाही. लेथवर काम करताना, भाकरी खाताना, आरशात दाढी करताना माझं लक्ष माझ्याच वरच्या ओठाकडे जायचं. हलतोय का? आता हलला का?

मग एके दिवशी टेम्पो आला. उतेकर उतरले आणि त्यांनी लाँचची सहाही हेडं आमच्या दारात उतरवली. अंगणात येऊन ते सरळ अण्णांच्या समोर बसले. हळू, स्पष्ट बोलले. कुणी न सांगता त्यांना ते जमलं.

"हिंदुराव, चूक माजी. मी भानूला बाजूला सारला. पान्यावरनं येताना म्या समदं जोडलं. गावात कुनाला बोललो न्हाई आन बोलायचा न्हाई. तुमी दोगं भाव न्हेमीसारकं उभं ऱ्हावा. सातातली चार ऱ्हात्यात का पाच, ती बगा. कमी पडली तर मी आनतो. लाँचचं इंजन तुमीच बांदायचं."

"सा हेडं," अण्णा म्हणाले. उतेकरांची जीभ घसरली होती, ती त्यांनी ओठांवरून पकडली होती.

"व्हय, सा. सा."

अण्णा उठले. तोंड धुतलं. वहिनींनी धुतलेला लेंगा दिला. अण्णांनी कारखान्याचं दार स्वतः उघडलं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली. एवढी सहा हेडं नीट निघू देत. एवढं एक इंजिन होऊ दे.

मी पहिलं हेड साखळीला लावलं आणि समोर उभा राहिलो. उजेड तोंडावर. उतेकर दाराबाहेर थांबले. मी मनाशी पक्कं केलं होतं की चेहऱ्याला काही करायचं नाही, तो आपला आपण जे करायचं ते करील.

अण्णांनी हातोडी मारली.

मी ऐकलं आणि मला माझा ओठ जाणवला. माझे डोळे जाणवले. ते लहान व्हायला हवे होते, झाले का? की मीच केले? मी ते थोडे आणखी लहान केले. अण्णा बघत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

त्यांनी पुन्हा मारली. माझा चेहरा लाकडासारखा झाला होता. तो सोडवायला मी जरा हसलो.

"बद्द?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई न्हाई!" मी घाईनं मान हलवली, तोंड मोठं करून बोललो, बोटांनी खूण केली. "चांगलं हाय, अण्णा! येक नंबर हाय!"

अण्णांनी हातोडी खाली घेतली. रागावले नाहीत. माझ्याकडे असं बघितलं, जसं माणूस गावाला जाणाऱ्याकडे बघतो.

"भानू, तू आता मला सांगाय लागलास."

"मग काय झालं? मी सांगतो की. जलमभर सांगतो."

"तू सांगत नव्हतास," अण्णा म्हणाले, "तवर मला ऐकूं येत हुतं."

त्यांनी हातोडी लेथवर ठेवली आणि उतेकरांच्या बाजूनं वाट काढून ते उन्हात निघून गेले. मी साखळी धरून तसाच उभा होतो. हेड अजून झुलत होतं. ते निखालस चांगलं होतं, इतकं स्वच्छ वाजणारं बीड मी आयुष्यात फार थोडं ऐकलंय. उतेकर दारातून मला विचारत राहिले, "कसं हाय, भानू? आरं, कसं हाय?"